काळ्यातलं काळं दाखवणारा कॅमेरा

थैलीत दगड घेऊन कॅमेरा पाहायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दगड म्हणजे घरातला वरवंटा. पाट्यावर चटणी वाटायचा, वीतभर लांब, दोन किलोला थोडा कमी. रविवारी सकाळी मुरुडहून लातूरच्या बसमध्ये बसलं की तो आमच्या चित्रकलेच्या सरांच्या मांडीवर असायचा आणि शेजारच्या सीटवर मी. बहुतेक कंडक्टर ओळखीचे झाले होते. एखादा नवा असला की थैलीकडे बोट करून विचारायचा, "काय हाय त्यात?"

"वरवंटा," सर सांगायचे.

"कशाला?"

"कॅमेऱ्याला दाखवायला."

कंडक्टर तिकीट फाडून पुढं सरकायचा. मराठवाड्यातल्या बसमध्ये याहून अवघड उत्तरं त्यानं ऐकलेली असणार.

मी मुरुडच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा सरांना तिथं चित्रकला शिकवून चोवीस वर्षं झाली होती. शिक्षकांना ते नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "भूगोल, तुमचा तास हाय." "विज्ञान, चहा घेणार का?" मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "मराठी का? बरं," म्हणाले, आणि पुढची सगळी वर्षं मी मराठीच राहिलो. मुख्याध्यापकांना शिकवायचा विषय नव्हता, त्यामुळे सर त्यांना हाकच मारत नसत. समोर जाऊन उभे राहत.

मार्क देण्यात हात आखडता. ग्रेड परीक्षेची सवय असल्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंना ते अ, ब किंवा क देत आणि बहुतेकांना क मिळे. एका पोरानं एकदा धीर करून विचारलं, "सर, आंबा चांगला काढला की, मग क का?" सर म्हणाले, "आंबा बरा हाय. पण तो कशावर ठेवलाय ते सांग. सावली न्हाई, टेबल न्हाई, अधांतरी लटकून राहिला. धर त्याला खालून." पोरानं खरोखर कागदाखाली हात धरला. वर्ग हसला, सर हसले नाहीत.

या माणसाला एक शॉर्ट फिल्म करायची होती. एकच, दहा-बारा मिनिटांची. त्यांच्या डोक्यात ती पूर्ण तयार होती, फक्त कॅमेरा ठरायचा होता.

फिल्म एका म्हातारीवर होती. पाटा-वरवंटा, जातं वापरून वापरून गुळगुळीत होतं, मग त्यावर काही वाटलं जात नाही. तेव्हा छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा बारीक बारीक खड्डे पाडून घ्यावे लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. ही म्हातारी दरवर्षी दसरा झाला की देगलूरकडून निघायची आणि गावं करत करत दिवाळीच्या आधी मुरुडला पोचायची. "टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ" अशी हाक गल्लीत आली की सर तास सोडून घरी पळायचे. घराघरात मिक्सर आले होते. आमच्या गल्लीत पाटा उरला होता तो तीन-चार घरांत, त्यातलं एक सरांचं. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो आणि टाकीवाल्या म्हातारीला मावशी. काकूंकडेही मिक्सर होता, तरी त्या वर्षभर पाट्यावर वाटायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पाटा झिजला न्हाई तर मावशीनं येऊन करायचं काय?"

मावशी अंगणात फतकल मारून बसायची. दगडावर पाणी शिंपडायची, डोळे मिटायची आणि उजव्या हाताचा अंगठा सगळ्या पाट्यावरून सावकाश फिरवायची. मग ठोके. मधेच थांबून पुन्हा अंगठा, पुन्हा डोळे मिटून. ठोके मोजायची ते तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू, आणि पोरांना रागवायची ते मराठीत. सगळं झालं की शेवटचा एकदा अंगठा फिरवून "झालं" म्हणायची.

सर तेवढा वेळ ओट्यावर बसून असायचे. पहिल्या वर्षी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ते हळूच म्हणाले, "मराठी, मी चोवीस वर्षं पोरांला सांगून राहिलो, की हात डोळ्याचं ऐकतो. हिचा हात डोळ्याला विचारीतच न्हाई. हे कुठंतरी ठेवलं पाहिजे. ही गेली की हे गेलं." मला वाटलं, पुढच्या वर्षीपर्यंत फिल्म होऊन जाईल.

मला तेव्हा सर माहीत नव्हते.

कॅमेऱ्यासाठी काकूंशी बोलून पंचवीस हजारांचा आकडा ठरला होता. तो वर जाणार नव्हता, खालीही येणार नव्हता. तेवढ्यात बसणारा कॅमेरा निवडायचा, आणि निवडायचा म्हणजे चुकायचं नाही. लोक कॅमेरा घेताना रंग बघतात, सर काळा बघायचे. काळा दगड, त्यावर काळे खड्डे, खड्ड्यात सावली. "तिन्ही काळे वेगळे दिसले पाहिजेत. काळ्यातलं काळं दिसलं न्हाई तर मावशी डांबरावर बसून ठोकून राहिली असं वाटंल." ही पहिली अट. दुसरी अट आवाजाची. वेगळा माईक लावायला भोक पाहिजे आणि छिन्नीचा टण् हा टण्च आला पाहिजे. तिसरी बॅटरीची. मावशी कॅमेऱ्यासाठी थांबणार नव्हती, म्हणून कॅमेऱ्यानं थांबायचं नव्हतं.

या तीन अटींसाठी आम्ही कित्येक रविवार घालवले. गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत कॅमेऱ्याचं दुकान होतं, मालक तरुण होता. सरांनी पहिल्यांदा थैलीतून वरवंटा काढून काउंटरवर ठेवला तेव्हा तो ओरडलाच. "काका, हळू! काच हाय."

सरांनी दगडाखाली वर्तमानपत्र घातलं. "चालू करा."

मालकानं सवयीनं कॅमेरा सरांच्या तोंडाकडे केला. "बघा काका, कसे तरुण दिसून राहिले."

"माझं तोंड नको. दगड दाखवा."

तिसऱ्या रविवारपासून मालकानं काउंटरवर रबराची चटई ठेवली. वर्षभरानं आम्ही गेलो तेव्हा तो दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला समजावत होता, "घाई करू नका. रविवारी एक काका दगड घेऊन येतेत, तवा या. खरं काय ते कळतंय."

प्रत्येक कॅमेऱ्याची नोंद चित्रकलेच्या वहीत होत असे. वहीत चार रकाने होते, कॅमेरा, काळा, ग्रेड आणि शेरा. मी ती वही पुष्कळदा चाळली आहे. मोटरसायकलच्या हेल्मेटला लावतात तो चिमुकला कॅमेरा: "दगड वाकतो. क." भिंगं बदलायचा मोठा कॅमेरा: "चित्र उत्तम. मावशी दिसते, मागची गल्ली धुरकट होते. गल्लीनं काय पाप केलं? भिंगाचे पैसे वेगळे. ब वजा." लग्नवाल्यांचा खांद्यावरचा: "मावशी लग्नाला आल्यासारखी दिसेल. क." आणि हातात मावणारा, बाजूला छोटा पडदा उघडणारा कॅमेरा: "काळा बरा. भिंगाला चिकटलेली वस्तूही स्पष्ट दाखवतो. उपयोग नाही. क."

मी एकदा माझा फोन पुढं केला. नवाच होता आणि मला त्याचं कौतुक होतं. सरांनी वरवंटा ओट्यावर ठेवला, मी शूटिंग केलं. फोननं दगडाला माणसाचा चेहरा समजून त्याभोवती पिवळा चौकोन काढला आणि सगळे खड्डे गुळगुळीत करून टाकले. सरांनी ते दोनदा बघितलं.

"मावशीनं दोन तास बसून टाकी लावली, ती तुमच्या फोननं एका सेकंदात पुसली," ते म्हणाले. "फोनवर वाढदिवस काढा, मराठी."

वहीत त्यांनी माझ्या फोनची नोंदसुद्धा केली नाही, म्हणजे 'क'च्याही खाली.

वर्षं अशी गेली. मावशी दर वर्षी आली की पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी विचारायची, "आणला का रं मास्तर तुझा क्यामेरा?"

"बघून राहिलो, मावशी."

"बघ बघ. ही छिन्नी माझ्या सासूची हाय. तिनं दिली, म्या धरली. मला कुणी इचारलं न्हाई, अ का ब."

ग्रेडची गोष्ट तिला काकूंनी सांगितली असणार. सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मीही त्यांना काही म्हणायचो नाही, कारण तोवर मलाही त्या रविवारांची चटक लागली होती. दुकान झालं की आम्ही भजी खायचो, सर भज्यांना क द्यायचे आणि शेवटच्या बसनं परत यायचो. काम होत नव्हतं, पण चांगलं चाललं होतं.

शेवटी काकू बोलल्या. माझं पाचवं वर्ष होतं, दसऱ्याला महिना होता. जेवायला मला बोलावलं होतं. सर ताटावर बसून एका नव्या कॅमेऱ्याची बॅटरी किती मिनिटं चालते ते सांगत होते. काकू भाकरी थापता थापता थांबल्या.

"आवो, मागल्या दिवाळीला मावशी उठताना दोनदा बसली. तुम्ही बघितलं का? तुमचा कॅमेरा यायचा तिच्या फोटूला हार घालायला."

सरांनी भाकरी अर्धी ठेवली.

पुढच्या रविवारी आम्ही लातूरला गेलो तेव्हा थैलीत दगड नव्हता. दुकानात एक वापरलेला कॅमेरा आला होता, तोच हातात मावणारा, वहीत क मिळालेला. लग्नाची शूटिंगं करणाऱ्या एकानं धंदा सोडून विकला होता. सरांनी तो उलटासुलटा केला, पडदा उघडून मिटून पाहिला आणि पैसे दिले. मालकाला धक्का बसला. "काका, दगड?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "दगडानं हा आधीच बघितलाय."

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं मांडून पुजतात. काकूंनी पाट मांडला. त्यावर विळी, कात्री, सरांचे ब्रश, शिलाई मशीनची सुई, पलीकडे मिक्सर, पाटा-वरवंटा, आणि या वर्षी मधोमध कॅमेरा. सर झेंडूची फुलं आणायला गेले होते. काकूंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. ज्याला जिथं कपाळ असेल तिथं लावायचं असतं. मिक्सरला पुढून, मशीनला चाकाच्या वर. कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं, याचा त्यांनी नीट विचार केला, आणि समोर जो गोल चकचकीत भाग दिसला त्याच्या बरोबर मध्यावर पाण्यात कालवलेलं कुंकू लावलं. वर हळद.

लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ते भिंग आहे. मग त्यांनी पदरानं काठाकडे ओढून पुसलं. कुंकवात वाळूसारखी बारीक कचकच असते.

सर फुलं घेऊन आले. मी दारातच होतो. त्यांनी कॅमेरा उचलून उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. भिंगावर तांबूस डाग होता आणि त्यात केसाएवढ्या बारीक रेघा.

"मिक्सरला लावते, मशीनला लावते..." काकू म्हणाल्या.

"असू दे," सर म्हणाले. बस. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. काकू मला एकदा म्हणाल्या, "रागावले असते तर बरं झालं असतं, भाऊ. आरडाओरडा केला असता तर मी पण दोन शब्द बोलले असते. हे 'असू दे' मला गिळता येऊन न्हाई राहिलं."

दसरा झाल्यावर आम्ही कॅमेरा नांदेडला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, चार दिवस लागतील. मावशीला यायला अजून आठवडा होता, दरवर्षीचा हिशेब तोच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत हाक आली.

"औंदा तरी आणला का?" मावशीनं विचारलं.

"आणलाय. नांदेडला धुवायला दिलाय. परवा येतो."

"म्या उद्या पुढं जाते. पाय दुखून राहिले, लवकर निघाले औंदा." ती हसली. "बस मग तसाच."

ती अंगणात बसली. अंगठा फिरवला, छिन्नी काढली. ठोके हळू पडत होते. माझ्या खिशात फोन होता. मी दोनदा हात खिशात घातला. दुसऱ्यांदा सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको. मी हात बाहेर काढला. फोननं खड्डे बुजवले असते, बुजवू दे. आवाज फाटला असता, फाटू दे. तिचे मिटलेले डोळे तर राहिले असते. सरांचा हट्ट मी मानला याची मला अजून लाज वाटते. काम झाल्यावर मावशीला उठता येईना. काकूंनी तिला हात दिला.

दोन दिवसांनी कॅमेरा आला. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं, डाग गेला, भिंग आता साफ आहे. पण रेघा होत्या तशाच होत्या, आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात फिकट तांबूस धूर तेवढा दिसायचा. सरांनी त्यावर काही काढलं नाही. कॅमेरा कपाटात गेला.

पुढच्या दिवाळीआधी गल्लीत हाक आली ती वेगळ्या आवाजाची. मावशीची सून होती. "म्हातारी खाटंवर हाय," ती म्हणाली. "हातोडी धरवत न्हाई तिला. तुमच्या मास्तराला इचारलंय, त्यो क्यामेरा आला का म्हणून."

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. लातूर, उदगीर, देगलूर. सरांच्या एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात पुन्हा ती थैली. मी विचारलं नाही. कंडक्टरनंही नाही.

पत्र्याच्या घरापुढं खाटेवर मावशी बसली होती, पाठीला गोधडी. तिला आता दिसत नव्हतंच जवळजवळ. सरांनी स्टँड लावला, माईक लावला, कॅमेरा चालू केला. मग त्यांना सुचेना. सहा वर्षं मनात होतं ते काम, आणि काम करणारे हात मांडीवर नुसते पडले होते. त्यांनी थैलीतून वरवंटा काढून तिच्या हातात दिला. तिनं अंगठा फिरवला.

"ह्यो तुझ्या घरचा. गुळगुळीतच ठेवलाय. सुनंला सांगते." दगड तिनं बाजूला ठेवला. "आन क्यामेरा कुठाय? इतकी सालं सांगून राहिला. दे हिकडं."

सर कॅमेऱ्याला कुणाला हात लावू देत नसत. मलाही नाही. त्यांनी स्टँडवरून तो काढला आणि तसाच चालू मावशीच्या ओंजळीत ठेवला.

तिनं तो चाचपला. पडदा, पट्टा, बटणं. मग समोरची काच सापडली. मावशीनं डोळे मिटले आणि काचेवरून अंगठा फिरवला, सावकाश, या काठापासून त्या काठापर्यंत. एका जागी थांबली. मागं आली, पुन्हा फिरवला.

"हितं टाकी लावलीय," ती म्हणाली. "लई बारीक. कुणी लावली?"

सर खाटेपाशी वाकले. "आमच्या घरात. बायकोनं."

"हात हलका हाय तिचा," मावशी म्हणाली. "झालं. धर."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, काही मिळालं नाही, पुन्हा येऊ. ते "हूं" म्हणाले. पुन्हा जाणं झालं नाही. त्या थंडीतच मावशी गेल्याचा निरोप आला.

पण देगलूरहून परतलो त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी कॅमेरा टीव्हीला जोडला. ते, मी आणि काकू. आधी खाट, मग मावशी वरवंटा चाचपते तेवढं, मग सगळं हेलकावलं, पत्रा, आभाळ, साडीचा काठ. आणि मग पडदाभर अंगठा आला. इतका जवळ, आणि तरी स्पष्ट. काळा अंगठा, त्यावर काळ्या भेगा, भेगांत सावली. तिन्ही काळे वेगळे दिसत होते. तो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेला, उजव्या कोपऱ्यातल्या तांबूस धुरापाशी थांबला, मागं आला. भिंगावर कातडी घासल्याचा आवाज माईकनं जसाच्या तसा घेतला होता. आणि वरून मावशीचा आवाज. कुणी लावली? आमच्या घरात. बायकोनं. हात हलका हाय तिचा.

सगळं मिळून दीड मिनिट असेल.

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. सर टीव्हीकडेच बघत होते. मान न वळवता ते म्हणाले, "आगं, ऐकलंस का? मी न्हाई, मावशी म्हणली ते."

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "पुन्हा लावा."

मी आता नांदेडला असतो. मुरुड सोडताना सरांनी ती चित्रकलेची वही माझ्या हातात दिली, तुम्हाला कधी कॅमेरा घ्यायचा झाला तर उपयोगी पडेल म्हणाले. मी त्या कॅमेऱ्याचं पान शोधलं. मला वाटलं होतं, मार्क वाढवले असतील. ग्रेड तीच होती, क. शेऱ्याच्या रकान्यात "उपयोग नाही" हे शब्द मात्र खोडले होते, आणि खाली सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "डाग पुसू नये."